दिवे बदलले, आता जुन्या-नव्या फोटोंची जोडी कशी लावू?

रातकिडा:
मंडळी, एका गल्लीचं तोंड मी तीन वर्षं रात्री एकाच जागेवरून टिपतोय. ट्रायपॉडचा पुढचा पाय गटाराच्या झाकणाच्या कडेला, हे ठरलेलं. मागच्या महिन्यात खांबांवरचे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले. आता जुना फोटो हळदीत बुडवलेला, नवा चुना फासलेला! शेजारी ठेवले की पाडलेली भिंत, चढलेला मजला राहतो बाजूला, डोळा रंगावरच अडकतो. जुन्यांचा पिवळेपणा काढायला गेलो तर सगळं मातकट होतं. फाइली रॉ आहेत, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा डेटा जसाच्या तसा. काय करू?

घुबड:
रॉ असली तरी जे उजेडातच नव्हतं ते काढणार कुठून? लो-प्रेशर सोडियमचा उजेड जवळपास एकाच तरंगलांबीचा, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास. त्यात निळी गाडीही काळीच दिसते. हाय-प्रेशरमध्ये इतर रंग थोडेफार असतात, पण तो २००० केल्विनच्या आसपास (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळा), आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग सावरायची सेटिंग, २५०० च्या खाली उतरतच नाही. भिंती-मजले दाखवायचे असतील तर जोडी सरळ ब्लॅक अँड व्हाइट करा.

उंबरठा:
मी नाही करणार. दिवा बदलला हाही बदलच की! दोन्ही फाइलींना ४००० केल्विन लावा आणि हात काढून घ्या. ऑटोवर सोडलंत तर सॉफ्टवेअर दोघांना एकाच रंगाकडे ओढू पाहणार. एक्स्पोजरही, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड किती घ्यायचा तेही, तेच ठेवा. ब्रासाई हा फोटोग्राफर १९३० च्या दशकात पॅरिसच्या रात्री टिपताना सिगारेट संपेपर्यंत शटर उघडं ठेवायचा म्हणे. त्याचं भागलं. तुम्हाला जोडी लावायचीय, सेकंद वहीत लिहा.

रातकिडा:
काल करून पाहिलं. एफ ८, आयएसओ १००, ८ सेकंद, दोन्हीकडे ४०००. रंगाचं सोडा, भलतंच सापडलं. जुन्यात तिसऱ्या मजल्यावरची कपड्यांची दोरी दिसते, नव्यात खांबाच्या वर नुसता काळोख. रस्ता मात्र लख्ख.

घुबड:
बरोबर. जुन्या दिव्याचा उजेड चौफेर सांडायचा, नवे खालीच टाकतात. वरचे मजले हवे असतील तर सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी, आकाश निळं असताना एक फ्रेम घ्या. नेहमीची रात्रीची वेगळी.

रातकिडा:
घेतो. पण आज आधी गल्लीच्या टोकाला जातो. तिथला एक खांब अजून पिवळा आहे आणि त्याच्या बुंध्याशी नव्या दिव्याचं खोकं येऊन पडलंय.