३८४०० बॉडला अक्षरे गळतात: दोष टूलकिटचा की चिपचा?

जुनाडबा: ३८६ प्रोसेसरच्या जुन्या संगणकावर, डॉसमध्ये, सी भाषेत मी एक छोटा टर्मिनल प्रोग्राम लिहीत आहे. सिरीयल पोर्ट उघडणे, वेग ठरवणे, बफरमधून अक्षरे उचलणे ही सगळी कामे एका तयार कम्युनिकेशन टूलकिटवर (तयार फंक्शनांच्या संचावर) सोपवली आहेत. ९६०० बॉडला (इथे बॉड म्हणजे सेकंदाला बिट) तासन्‌तास चालवूनही एकही अक्षर गळत नाही. मात्र ३८४०० ला, येणारा मजकूर हार्ड डिस्कवर लिहिला जात असताना, पाच-सहा अक्षरे गायब होतात आणि तीही दर खेपेला वेगळ्या ठिकाणची. रिसीव्ह बफर १०२४ बाइटांवरून ८१९२ केला, तरी काडीचा फरक पडला नाही. टूलकिट बदलावे का?

पोर्टपाल: टूलकिट सोडून द्या आणि बायॉसचा (संगणकात मुळातच असलेल्या प्रोग्रामचा) इंटरप्ट १४एच, म्हणजे पोर्ट हाताळणारी तयार सेवा, वापरा.

तारयंत्री: वरच्या सल्ल्याने दुखणे वाढेल, कारण इंटरप्ट १४एच पोर्टकडे अधूनमधून डोकावून पाहण्याच्या पद्धतीने चालतो, त्याला ना बफर आहे, ना इंटरप्टवर, म्हणजे अक्षर येताच प्रोसेसरचे चालू काम थांबवून, ते घेण्याची सोय.

बफर आठपट करूनही गळती तशीच राहिली, यातच उत्तर आहे: अक्षरे बफरपर्यंत पोहोचतच नाहीत, सिरीयल पोर्ट चालवणाऱ्या चिपमध्येच मरतात. ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट असे धरले तर सुरुवातीच्या स्टार्ट बिटासह प्रत्येक अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे ३८४०० ला सेकंदाला ३८४० अक्षरे येतात आणि दोन अक्षरांत जेमतेम २६० मायक्रोसेकंद मिळतात. ८२५० किंवा १६४५० या चिपमध्ये आलेले एकच अक्षर थांबू शकते. तेवढ्या वेळात ते कोणी उचलले नाही, तर पुढचे अक्षर त्याच्यावर येऊन बसते. ९६०० ला हीच मुदत चौपट असते, म्हणून तिथे सारे निभावून जाते.

खात्रीसाठी चिपच्या लाइन स्टेटस रजिस्टरमधला बिट १, म्हणजे ओव्हररनचा (आधीचे अक्षर उचलण्यापूर्वी पुढचे येऊन बसल्याचा) बिट, किती वेळा १ होतो ते मोजा. कॉम १, म्हणजे पहिल्या सिरीयल पोर्टसाठी, हे रजिस्टर ३एफडी (हेक्स) या पत्त्यावर असते. मात्र ते वाचताच चूक दाखवणारे बिट पुसले जातात, त्यामुळे मुख्य प्रोग्राममधून पाहिलेत तर टूलकिटच्या इंटरप्ट रूटीनने ते आधीच वाचून टाकलेले असेल. टूलकिटचे स्वतःचे त्रुटी-गणक असल्यास तेच वापरा. शिवाय कॉन्फिग.सिस या डॉसच्या मांडणी-फाइलमधली ईएमएम३८६ ची (जादा मेमरी सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) ओळ तात्पुरती बंद करून पाहा, कारण तो प्रोसेसरला ज्या मोडमध्ये चालवतो त्यात प्रत्येक इंटरप्टला जास्त वेळ लागतो.

चिप ओळखायची तर ३एफए वर १ लिहा आणि तोच पत्ता वाचा. वरचे दोन्ही बिट १ आले तर १६५५०ए आहे आणि १६ अक्षरांचा फिफो (चिपमधली अक्षरांची रांग) वापरता येईल. फक्त सर्वांत वरचा बिट १ आला तर ती मूळची १६५५० आहे, जिचा फिफो सदोष होता. तो चालूच करू नका.

जुनाडबा: दोन्ही बिट ० आले. ओव्हररन ६ आणि गळालेली अक्षरेही ६! ईएमएम३८६ काढल्यावर गळती दोनवर आली. मग १६५५०ए चे कार्ड बसवले. टूलकिटने ठरवलेल्या १४ च्या ट्रिगरला (फिफोत इतकी अक्षरे जमली की इंटरप्ट येतो) क्वचित एखादे अक्षर जात होते, ८ केल्यापासून एकही नाही. आता एकच तक्रार उरली आहे: कंट्रोल-सी दाबून बाहेर पडलो की मोडेमकडून पहिले अक्षर येताच संगणक गोठतो.

तारयंत्री: १४ ला फिफोत दोनच जागा उरतात, ८ ला आठ, म्हणजे सुमारे दोन मिलिसेकंदांची उसंत, म्हणून फरक पडला.

गोठण्याचे कारण असे, की कंट्रोल-सीने डॉस तुमचा प्रोग्राम परस्पर संपवतो आणि टूलकिटचे पोर्ट बंद करणारे फंक्शन चालतच नाही. आयआरक्यू ४ चा (कॉम १ च्या इंटरप्ट-तारेचा) व्हेक्टर (कोणते रूटीन चालवायचे त्याचा पत्ता), म्हणजे इंटरप्ट ०सीएच, मोकळ्या झालेल्या मेमरीकडेच बोट दाखवत राहतो आणि पुढचे अक्षर आले की प्रोसेसर तिथे उडी मारतो. कंट्रोल-सी दाबल्यावर डॉस बोलावतो तो इंटरप्ट २३एच स्वतःकडे घ्या, त्यात फक्त एक झेंडा (खूण म्हणून एक चल) उभा करा आणि मुख्य लूपने तो पाहून पोर्ट रीतसर बंद करावे. हे हाताने करायचे झाल्यास आधी चिपचे इंटरप्ट बंद करा, मग इंटरप्ट नियंत्रकाच्या २१एच पोर्टवर आयआरक्यू ४ मास्क करा (अडवा) आणि त्यानंतरच जुना व्हेक्टर परत बसवा.