मदत हवी आहे: १९३७ च्या निवडणुकीत एका मतदाराला एकाहून जास्त मते होती का?

नमस्कार मंडळी,

परवा माळा आवरताना पणजोबांची वही सापडली. गिरणीतला माणूस, परळच्या चाळीत राहणारा. वहीत बहुतेक किराणा आणि उसनवारीचा हिशोब. मध्येच एका पानावर पेन्सिलीने: "फेब्रुवारी ३७. सगळी मते बाबासाहेबांना. वाटू नयेत." 'वाटू नयेत'खाली दोन रेघा.

१९३५ च्या कायद्यानंतरची मुंबई प्रांताची ही निवडणूक, विधानसभेच्या जागा १७५. आदल्याच वर्षी बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता आणि ते स्वतः भायखळा-परळमधून उभे होते. काँग्रेसने समोर कोण दिला, तर पालवणकर बाळू, आपला क्रिकेटवाला! १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी बाबासाहेब निवडून आले. एवढं वाचलंय.

पण 'सगळी मते' म्हणजे काय? काका म्हणतात, चाळीतली सगळी. मला पटत नाही. तेव्हा मत मिळायला सारा, घरभाडं, शिक्षण अशा अटी होत्या; चाळीत मतदार असणार किती? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
काकांचा अंदाज चुकलाय. मुंबई प्रांतात एका मतदारसंघातून एकाहून जास्त आमदार निवडायचे असले, की जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला मिळत. ती वेगवेगळ्या उमेदवारांना द्या किंवा सगळी एकालाच द्या, दोन्ही चाले. समजा जागा तीन. मोठ्या पक्षाचे उमेदवारही तीन, त्यामुळे त्यांच्या मतदाराची मते तिघांत विभागणार. तुमच्या पणजोबांसारख्याने तिन्ही एकावर टाकली, तर तो एकटा तिघांच्या बरोबरीचा. संख्येने कमी असलेल्यांना हाच आधार होता. राखीव जागेलाही मतदान सगळ्यांचंच असायचं (पुणे करार), म्हणून तर एकगठ्ठा टाकायचं महत्त्व. वरच्या आकड्यांकडेही याच नजरेने बघा: ती मते आहेत, माणसं नव्हेत.

धागाकर्ता
आत्ता त्या दोन रेघा कळल्या! काकांना फोन करून सांगितलं; ते म्हणाले, "म्हातारा हिशोबाला पक्का होता." आता शेवटचं: भायखळा-परळची त्या वेळची मतदारयादी कुठे बघायला मिळेल? पणजोबांचं नाव कोणत्या अटीवर लागलं, भाड्यावर की शिक्षणावर, ते शोधायचंय. भाड्याची एक पावती वहीत चिकटवलेली आहे, पण रक्कम नेमकी वाळवीने खाल्ली आहे.