मदत हवी आहे: वय २४, पहिलीच गाडी, आणि मनात जुनी झेड४

पोट्टा_देवळीचा

नमस्कार मंडळी. एवढे दिवस वाचनमात्र होतो, आता अडलं म्हणून लिहितोय.

गाव देवळी तालुक्यात (जि. वर्धा), यवतमाळ रोड सोडून आत. घरचं वावर आहे, कापूस-तूर-सोयाबीन. माझा स्वतःचा धंदा म्हणजे जेसीबी आणि ट्रॅक्टर भाड्यानं देणं. जेसीबीचे हप्ते यंदा फिटले. आजवर ट्रॅक्टर, बाबूजींची बोलेरो आणि दोस्ताची स्विफ्ट एवढंच चालवलं. माझ्या नावावर कार ही पहिलीच होईल.

बजेट २२ लाख, सगळे रोख. दिल्लीच्या एका डीलरकडे २०११ ची बीएमडब्ल्यू झेड४ आहे, एसड्राइव्ह ३५आय. तीन लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो, ३०६ पीएस (हॉर्सपॉवरच समजा). टप (छत) बटणावर उघडतो. डीलर १९ सांगतो, थोडा उतरेलही. फोटोत तरी गाडी चकाचक आहे.

बाबूजी म्हणतात, "दोन सीटची गाडी कास्तकाराच्या घरी कायले?" माय म्हणते आधी लग्न होऊ दे. त्यांना मी पाहून घेईन. घरी लोकांना बसवायला बोलेरो आहेच. मला विचारायचंय ते हे की नव्या चालवणाऱ्याच्या हातात एवढी ताकद झेपते का, आणि ही गाडी आपल्या भागात रोजची नाही तरी आठवड्यातून दोनदा चालवता येईल का? समृद्धी जवळ आहे, येळाकेळीहून चढलं की रस्ता मोकळा.

कृपया क्रेटा सुचवू नका. घरात सगळे तेच म्हणून राहिले.

काळी_माती

थार घे ना बे. संपला धागा.

जुना_गॅरेजवाला

भाऊ, आवड चांगली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. (मी अमरावतीचा. गॅरेज बंद केलं, हाताचा काळेपणा अजून गेला नाही.)

आधी विचार कर, ही गाडी दिल्लीत स्वस्त का? तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर कोर्टाची बंदी आली, तेव्हापासून पंधरा जवळ आलेली पेट्रोल गाडी बाहेरच्या राज्यात ढकलायची घाई असते. तुझी २०११ ची आहे. डीलर तुला सूट देत नाही, आपलं ओझं तुझ्या अंगणात उतरवतोय. आपल्याकडे १५ वर्षांनंतर फिटनेस काढून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवता येते, पण त्याची फी केंद्रानं वाढवून ठेवली आहे. साध्या कारला ५,००० आणि आयात केलेल्या गाडीला ४०,००० रुपये. झेड४ बाहेरून तयार होऊनच आली, म्हणजे तू दुसऱ्या रांगेत. ग्रीन टॅक्स वेगळा. शिवाय दिल्लीची एनओसी (फॉर्म २८), इथला रोड टॅक्स नव्यानं, मग एमएच-३२ चा नंबर. टॅक्स किती बसेल ते एजंटच्या तोंडून नको, वर्ध्याच्या आरटीओत आरसीची झेरॉक्स घेऊन जा आणि तिथेच विचार.

आता इंजिन. या मॉडेलमधलं इंजिन बीएमडब्ल्यूवाले एन५४ म्हणून ओळखतात. चालतं तेव्हा त्याच्यासारखं दुसरं नाही, मी हात लावलाय. पण त्याची दुखणी जगभर माहीत आहेत: हाय प्रेशर फ्युएल पंप, इंजेक्टर, टर्बोच्या वेस्टगेटचा (दाब सोडणाऱ्या झडपेचा) खडखडाट, विजेवर चालणारा वॉटर पंप. फ्युएल पंपाचा त्रास एवढा की अमेरिकेत कंपनीला त्याची वॉरंटी १० वर्षांपर्यंत वाढवावी लागली. इंजेक्टर सहा असतात आणि एक बदलायला घेतला की बाकीचे पाच तुझ्याकडे पाहत राहतात. त्यात आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल. २०११ च्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्या हिशोबानं बनलेलेच नाहीत.

१९ ची गाडी घेतलीस तर वरचे तीन लाख दुरुस्तीचे समजू नकोस, ते कागदपत्रं आणि टायरमध्येच जातील. दुरुस्तीसाठी निदान पाच बाजूला पाहिजेत, आणि ते कापसाच्या पैशावर अवलंबून नकोत. या वयाच्या गाडीवर बँक कर्ज देत नाही, हेही लक्षात घे. एक मोठा बिघाड आला की रोखच काढावी लागेल, नाहीतर जेसीबी गहाण.

आर्वीची_ताई

दादा, मी मेकॅनिक नाही, पण या रस्त्यांवर वीस वर्षं गाडी चालवते, शाळेच्या नोकरीपायी.

तुझ्या गावात शिरायला गतिरोधक किती आहेत? नियमाप्रमाणे तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आपल्याकडे गावकरी रात्रीतून घालतात तो अर्ध्या रुंदीचा आणि दीडपट उंच असतो, त्यावर पांढरा पट्टासुद्धा नसतो. तुझ्या गाडीचं नाक लांब आणि खाली. बोलेरोतून तुला ते कधी जाणवलेच नसतील.

पावसाळ्यात तर अजूनच. वावरातून ट्रॅक्टर डांबरावर चढला की चाकांची काळी माती रस्त्यावर पसरते आणि सर आली की तिचं साबण होतं. हलकी गाडीही तिथे सरकते. तुझी तर मागच्या चाकांवर ४०० एनएमचा जोर (टॉर्क) टाकणार. गाडीत घसरण आवरणारी यंत्रणा आहे हे मान्य, पण टायर जुने कडक असतील तर यंत्रणा तरी काय करेल? रपट्यावरून (नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर मागे फिरायचं, एवढं लिहून ठेव. इंजिनात पाणी गेलं की साधा विमा पैसे देत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्ट लागतं, आणि इतक्या जुन्या गाडीला ते किंवा झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारा विमा) सहसा मिळत नाही. नुसता थर्ड पार्टी विमाच १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये आहे.

आणि रात्री रोही (नीलगाय). रानडुक्कर तरी बुटकं असतं. रोही आडवा आला तर लांब पायांमुळे धड सरळ काचेवर येतं. उघड्या टपात तो विचारही नको.

पुण्यातला_यवतमाळकर

सगळे घाबरवून राहिले पोराला! घे भाऊ. कर्ज फेडून स्वतःच्या पैशानं घेतोयस, वय २४ आहे, संसाराचं ओझं नाही. चाळिशीत घेशील तेव्हा कंबर साथ देणार नाही. समृद्धीवर टप उघडून जा, आम्हाला फोटो टाक.

जुना_गॅरेजवाला

@पुण्यातला_यवतमाळकर, मे महिन्यात ४५ अंशांत टप उघडून समृद्धीवर? तुम्ही पुण्यात राहता हे कळलं.

समृद्धीचं बोलायचं तर ७०१ किलोमीटर आहे आणि कारला मर्यादा १२० ची. झेड४ शंभरला पाच सेकंदांच्या आसपास पोचते. म्हणजे इंटरचेंजच्या रॅम्पवरच मजा संपली, पुढे नागपूर काय आणि शिर्डी काय, स्विफ्टही त्याच वेगात चालते. सिमेंटच्या सरळ रस्त्यावर झापड येते ती वेगळी. नियम न मोडता गाडी पूर्ण पिळायची तर रेसचा ट्रॅक लागतो, आणि ते ग्रेटर नोएडा, चेन्नई, कोइम्बतूर. आपल्या जवळ एकही नाही.

अजून एक. या गाडीत स्टेपनी येत नाही, रनफ्लॅट टायर असतात. पंक्चर झाल्यावरही काही अंतर जाते, पण नंतर तोच टायर, त्याच मापाचा, देवळीत कोण देणार? पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) आणि तुरीच्या खुटानं ट्रॅक्टरचं टायर फाटतं आपल्याकडे.

पोट्टा_देवळीचा

सगळ्यांचे आभार. थोडं भांडतो.

ताई, रस्त्याचं पटलं. आमच्या फाट्यापासून गावापर्यंतचे गतिरोधक आज बोलेरोतून उतरून टेपनं मोजले, लोकं हसत होते. दोन असे निघाले की झेड४ ला तिरपं घेतलं तरी खालून लागणारच. सरपंचाशी बोलीन, पण गाडीसाठी गतिरोधक काढा म्हणणं बरं दिसत नाही, तिथे अंगणवाडी आहे.

पण "तरुण आहेस म्हणून नको" हे मी ऐकणार नाही. १८ व्या वर्षापासून जेसीबी चालवतोय, नाल्याच्या काठावर. ताकद कुठे वापरायची नाही ते मला कळतं. गॅरेजवाले दादांचं मात्र डोक्यात बसलं. दिल्लीवाल्याला विचारलं की फ्युएल पंप आणि इंजेक्टर कधी बदलले, बिलं दाखवा. तो म्हणाला, "सर, गाडी एकदम मख्खन है." बिलं नाहीत. टोकन मागत होता, दिलं नाही.

जुना_गॅरेजवाला

शाबास. बिलं नसलेली एन५४ फुकटातही महाग.

मजाच हवी ना? मग फोक्सवॅगन व्हर्टस जीटी चालवून पाहा. दीड लिटर टर्बो, १५० पीएस, २५० एनएम, ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून उंची) १७९ मिलिमीटर, ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत पाच तारे. ई-२० ची चिंता नाही, वॉरंटी कंपनीची, तुझ्या बजेटच्या काठावर बसते. मॅन्युअल घे. ३०६ च्या निम्मी ताकद आहे, पण रोज पूर्ण वापरशील. मागे माय-बाबूजीही बसतील. दोन-तीन वर्षांत हात बसला, धंदा वाढला, तर झेड४ तेव्हाही मिळेल, आणि तेव्हा महाराष्ट्रातली, बिलांसकट बघ.

काळी_माती

थार.

पोट्टा_देवळीचा

थार नाही रे भाऊ, गावात ऑलरेडी चार आहेत.

व्हर्टस शोरूममध्ये बसून पाहिली होती, चालवली नाही. त्यांची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे चौकातून चौकात, आणि मॅन्युअल त्यांच्याकडे नव्हती. वर्धा, पुलगाव, यवतमाळ भागात कोणाकडे जीटी मॅन्युअल असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमच्या फाट्यावरून गावापर्यंत एकदा आणून बघायची आहे, पेट्रोल माझं. गतिरोधकांच्या मापांची यादीही पाठवतो.