अनलिमिटेड म्हणाले आणि आपण खूश झालो... अनुभव सांगा!

परवा आजीच्या फोनवरनं घरात जाम वाद झाला म्हणून हा धागा काढतेय. आम्ही इंदूरचे, रामबागेतले. आजी ८१ची, बटणांचा फोन, नेटशी तिचं काही देणंघेणं नाही, पण रिचार्ज मारायचा तर डेटासकटच, रोजचा दीड जीबी वाया. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना सांगितलं की नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक पण ठेवा, आणि मुदत ९० दिवसांऐवजी ३६५ पर्यंत चालेल, तेव्हा बाबा एवढे खूश, म्हणे आता आजीचा फोन पन्नास रुपयांत चालणार. पॅक आले, बघतो तर डेटा गेला आणि पैसे जवळपास तेवढेच! काका म्हणतो पॅक द्या म्हटलं होतं, स्वस्त द्या असं कुठं म्हटलं होतं. असेल बाबा, पण राग येतोच ना. त्यात ८४ दिवसांचा पॅक आम्ही तीन महिन्यांचा समजून कॅलेंडरवर खूण केली, आठवडाभर आधीच आजीचा फोन लागेना. ती म्हणे बिघडला, नवीन आणा.

आधी खूश झालो आणि मग अट कळली, असे तुमचे किस्से लिहा. कंपन्यांची नावं नकोत.

सुदामानगरवाला: २८ दिवसांचा महिना शोधणाऱ्याचा राजवाड्यावर सत्कार करा. वर्षाला तेरा रिचार्ज, पगार मात्र बाराच. २०२२ पासून ३० दिवसांचा निदान एक पॅक ठेवावाच लागतो कंपनीला, पण दुकानदार आपणहून दाखवेल तर शपथ. मागून घ्या.

लेक_माहेरी: आमच्याकडे आयुष्मान कार्डावरनं झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० आणि त्यावरच्या सगळ्यांना सुरू झालं ना, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार फुकट, आईबाबांचं लगेच काढलं. बाबांनी शेजारीपाजारी सांगून झालं की आता डॉक्टरचा खर्च संपला. पुढच्याच आठवड्यात शुगर-बीपीच्या गोळ्या आणायला कार्ड घेऊन गेले आणि हात हलवत परत आले, कारण ते दवाखान्यात भरती झालात तर, नुसतं दाखवायला गेलात किंवा महिन्याच्या गोळ्या आणल्या तर नाही. योजना चांगलीच आहे, शेजारच्या काकूंचं खुब्याचं ऑपरेशन त्यात झालं. पण बाबांचा चेहरा बघवत नव्हता हो, दोन दिवस कार्ड टीव्हीखाली पडून होतं.

भिया_इंदोरी: मी जरा उलटं बोलतो. यूपीआय लाइटला, म्हणजे फोनवरनं किरकोळ पैसे द्यायच्या सोयीला, लिमिट आहे म्हणून सगळे बोंबलतात, एका वेळी १०००, त्यात एकूण ठेवता येतात ५०००, आधी तर ५०० आणि २००० होतं. अरे पण पिनच टाकायचा नसतो तिथे! फोन कुणाच्या हाती लागला तर जाऊन जाऊन किती जातील, एवढंच बघायचं. आईला मी मुद्दाम तेच लावून दिलंय, भाजी आणि पोहे-जलेबीला पुरतं. सोनं घ्यायला थोडीच जाते सराफ्यात.

तिलकनगरची: मेट्रो कुणीच नाही लिहिली? ३१ मे २०२५ ला सुरू झाली, पहिला आठवडा फुकट, आम्ही अकरा जण डबे घेऊन गेलो. पाच स्टेशनं, सहाएक किलोमीटर, चिवड्याचा डबा उघडेपर्यंत संपली. मुलं विचारतायत राजवाडा कधी येणार. तक्रार नाही, सुरुवात तेवढीच होणार होती हे पेपरात होतं, आम्हीच वाचलं नव्हतं. परत त्याच गाडीत बसून चिवडा संपवला.

खवय्या_जोशी_नव्हे: माझं दुःख साधं आहे. एका ठिकाणी अनलिमिटेड थाळी, पाटी वाचून सकाळपासून उपाशी राहिलो. पोळी, भात, वरण पाहिजे तेवढं. पुरणपोळी एकच! दुसरी मागितली तर वाढपी म्हणतो साहेब गोड लिमिटेड आहे, लिहिलंय की. कुठे लिहिलंय विचारलं तर बोट दाखवलं. हात धुवायच्या बेसिनच्या वर.