मदत हवी आहे: 'कॅश' तमिळमधून आला की पोर्तुगीजमधून?

डिचोली_वाचनकट्टा: शाळेच्या भित्तिपत्रकात 'रोजच्या इंग्रजी शब्दांचं मूळ' असं सदर आहे. तमिळ 'कासु'वरून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत 'कॅश' गेला, असा फॉरवर्ड फिरतोय. पण पोर्तुगीजमध्ये 'काइशा' म्हणजे पेटी ना? नक्की काय लिहू?

जुना_कोश: शब्द एक नाही, दोन आहेत. चांगल्या इंग्रजी कोशात नोंदीही वेगळ्या सापडतील.

रोख पैसा या अर्थाचा 'कॅश' लॅटिन 'काप्सा'पासून, म्हणजे पेटीपासून. तिथून इटालियन 'कास्सा', फ्रेंच 'केस' आणि 1590च्या दशकात इंग्रजी. आधी अर्थ पैशांची पेटी आणि तिच्यातला पैसा, दोन्ही. अठराव्या शतकात पेटी गळाली. आपला 'गल्ला' तसाच, फक्त त्यातली पेटी अजून शाबूत आहे!

दुसरा 'कॅश' म्हणजे दक्षिण भारतातलं हलकं नाणं किंवा चौकोनी भोकाचं चिनी नाणं. 'कासु' आहे तो याचा. त्याच्याही मागे संस्कृत 'कर्ष' हे वजन सांगतात. पोर्तुगीजमध्ये हे नाणं आणि पेटी दोन्ही 'काइशा' असेच लिहिले गेले. फॉरवर्डवाल्यांचा घोळ तिथेच होतो.

माडाखाली: पोर्तुगीज स्पेलिंग (caixa) देणार असाल तर मुलं 'कायक्सा' वाचतील. रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीसारखाच तिथे 'एक्स'चा उच्चार 'श', एवढं कंसात टाका.

डिचोली_वाचनकट्टा: कॅशियर, केस, कॅश्यू एकाच चौकटीत घेतले तर?

जुना_कोश: बँकेतला कॅशियर चालेल, तो पेटीचाच. मात्र लष्करी अधिकाऱ्याला बडतर्फ करणं या अर्थाचं 'कॅशियर' हे क्रियापद डचमार्फत आलं, मुळात 'रद्द करणे'. चष्म्याची केस 'काप्सा'ची. कोर्टातली केस लॅटिन 'कासुस'ची, म्हणजे पडणं, घडणं. हा 'कासुस' पाहून पुन्हा तमिळ 'कासु'कडे धावू नका. कॅप्सूल आणि कॅसेट मात्र बिनधास्त घ्या.

माडाखाली: कॅश्यू वगळा. ब्राझीलच्या तुपी भाषेतला 'अकाजू', त्याचा पोर्तुगीज 'काजू'. आपण तो जसाच्या तसा ठेवला, इंग्रजांनी 'कॅश्यू' केला. नगदी पीक असला तरी कॅशशी नातं नाही.

डिचोली_वाचनकट्टा: म्हणजे 'कासु'चा बाण नोटांच्या चित्राकडे न्यायचा नाही?

जुना_कोश: नाही. भोकाच्या नाण्याचं चित्र काढा आणि बाण तिथेच थांबवा. नोटांकडे जाणारा बाण पेटीतून निघू दे.