सायकल शर्यतीतला 'फॉर्म' मराठीत कसा लिहावा?

पायडल
आमच्या सायकल गटाच्या अंकासाठी ब्रिटिश सायकलपटू मार्क कॅव्हेंडिशवरचा एक लेख मराठीत आणतोय. 'फॉर्म'पाशी अडलोय, कारण मूळ लेखात तो दोन अर्थांनी येतो. २०१६ नंतर कॅव्हेंडिशला टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या शर्यतीचा एकही टप्पा जिंकता आला नव्हता, मधली काही वर्षं आजारपणाने खाल्ली. २०२१ साली सॅम बेनेटच्या जागी तो ऐनवेळी संघात आला आणि चार टप्पे जिंकला. हा एक फॉर्म. दुसरा म्हणजे स्प्रिंट करतानाची, म्हणजे शेवटच्या रेषेकडे जीव तोडून सायकल मारतानाची त्याची बैठक: कोपरं वाकलेली, पाठ आडवी, हनुवटी हँडलच्या जवळ. पहिल्यासाठी मी 'सूर गवसला' लिहिलं, तर संपादकांनी ते खोडून 'लय सापडली' केलं. म्हणे सूर फलंदाजाला गवसतो, सायकलपटूला नाही. तुमच्याकडे काय म्हणतात?

कोरा कागद
सूर गाण्यातून क्रिकेटमध्ये आला, तसा सायकलवरही येईल. अर्थ मात्र बसत नाही. सूर गवसतो तो कसबाला. स्प्रिंटरला दोन-अडीच आठवडे डोंगर ओलांडत, वेळेच्या मर्यादेत कसंबसं पोचत राहून, सपाटीचा दिवस आला की शेवटची दहा-पंधरा सेकंद हजार-पंधराशे वॉटचा जोर काढायचा असतो. आमच्या तालमीत याला एकच शब्द होता, 'तयारी'. वस्ताद म्हणायचे, पोरगं औंदा तयारीत आहे. बास.

सह्यकडा
'कॅव्हेंडिश तयारीत होता' वाचून लोकांना वाटेल की बॅग भरत होता. 'फॉर्मात आहे' हे आता मराठीच आहे, माझी आजीसुद्धा म्हणायची. बैठकीला बैठक म्हणा, प्रश्न मिटला. खरी अडचण स्प्रिंटची आहे. मी 'मुसंडी' लिहीन.

निर्मळवारी
फॉर्म मराठी, मग स्प्रिंटच परका का? दोन्हींना प्रतिशब्द हवेत. 'अंतिम वेगधाव' सरळ आणि स्वच्छ आहे. इटालियन लोक स्प्रिंटला 'व्होलाता' म्हणतात, उडणं या क्रियापदावरून. त्यांनी आपल्या भाषेतून घडवला, आपण उसना का घ्यायचा?

कोरा कागद
व्होलाता रस्त्याकडेला उभ्या असलेल्या लोकांच्या तोंडी असतो. 'अंतिम वेगधाव' कोण ओरडणार?

पायडल
मुसंडी मलाही आवडला, पण खात्री वाटत नाही. मुसंडी मारतं ते रानडुक्कर. गावी शेताच्या बांधावर पाहिलंय, डोकं खाली घालून समोर जे येईल त्यात घुसतं. स्प्रिंटमध्ये नेमकं तेच करायला बंदी आहे. एकदा रेषा धरली की ती सोडून दुसऱ्याच्या वाटेत जाता येत नाही. २०१० मध्ये मार्क रेनशॉने ज्युलियन डीनला डोक्याने ढुसण्या दिल्या आणि त्याला टूरमधून घरी पाठवलं. २०२० मध्ये पोलंडमध्ये, कातोवित्सेच्या उतारावर खरूनेवेखनने रेषा सोडली, फाबियो याकोब्सन कठड्यावर आदळून मरणाच्या दारातून परतला. खरूनेवेखनवर नऊ महिन्यांची बंदी आली. तिथे मुसंडी लिहिली तर गुन्ह्याचंच कौतुक केल्यासारखं होईल.

सह्यकडा
'निर्यातीत महाराष्ट्राची मुसंडी' अशा मथळ्यात कोण कुणाला ढुसण्या देतं? शब्द डुकरापासून केव्हाच सुटला. माझ्या मते तो मुसळावरूनच आला असणार, मुसळासारखं सरळ जाणं.

निर्मळवारी
मुसळ वरून खाली येतं, पुढे जात नाही. ही व्युत्पत्ती मला मान्य नाही.

बारीवाला
मी खेड तालुक्यातला. लीड-आउटवाल्याला, म्हणजे स्प्रिंटरच्या पुढे राहून त्याला शेवटापर्यंत आणणाऱ्या साथीदाराला काय म्हणायचं ते आधी ठरवा, कारण स्प्रिंट तोच घडवतो. आमच्याकडे बैलगाडा शर्यतीत बारीपुढे, म्हणजे पळणाऱ्या गाड्यापुढे घोडी पळते, तिच्या मागे बैल जीव तोडून धावतात. 'घोडी धरणे' हा शब्द तयार आहे. २०२१ मध्ये कॅव्हेंडिशपुढे मायकेल मॉर्कोव्ह घोडी धरायचा.

कोरा कागद
घोडी बैलांना ओढ लावते, वारा अडवत नाही. मॉर्कोव्हचं काम वारा अंगावर घेण्याचं. ताशी साठ-पासष्टच्या वेगात मागच्याची ताकद वाचवायची आणि साधारण दोनशे मीटरवर बाजूला व्हायचं. फ्रेंचमध्ये त्याला मोठ्या माशापुढे पोहणारा 'पायलट मासा' म्हणतात, तोही वारा अडवत नाही म्हणा.

बारीवाला
मग झालं तर. आणि कार्कासोनच्या टप्प्यात कॅव्हेंडिश पहिला आला, तेव्हा दुसरा मॉर्कोव्हच होता. घोडी इतकी जोरात धरली होती. त्याच दिवशी एडी मर्क्सच्या टूरमधले ३४ टप्पे जिंकण्याच्या विक्रमाची बरोबरी झाली. ते वाक्य भाषांतरात घाला.

निर्मळवारी
शेवटच्या क्षणी हात लांब करून सायकल पुढे सारतात, त्याला लेखात काय लिहिलंय? एका वर्तमानपत्रात 'सायकल फेकली' वाचलं आणि मी हबकलो.

पायडल
'सायकल पुढे लोटली' केलंय. २००४ च्या मिलान-सान रेमो शर्यतीत एरिक झाबेलने जिंकलो समजून हात वर केले आणि शेजारून ऑस्कर फ्रेइरेने सायकल लोटून शर्यत घेतली, तो प्रसंग आहे. पण 'फॉर्म'चं राहिलंच. 'तयारी' की 'लय'? अंक छपाईला जायचाय.

सह्यकडा
फॉर्म. बारीवाला, तुमचा घोडीचा शब्द शहरात कळणार नाही.

बारीवाला
'घाटाचा राजा' कळतो ना? मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला तो किताब देतात. तो आमच्या बैलगाड्यांच्या घाटातूनच गेलाय.

कोरा कागद
तुमचा घाट म्हणजे पळायची धावपट्टी, तिकडे खराखुरा डोंगरातला घाट. टूरमध्येही 'डोंगरांचा राजा' आहेच. तिकडून आला असेल.

बारीवाला
आमच्या आजोबांनी टूरचं नावही ऐकलं नव्हतं, पण 'घाटाचा राजा' झालेला बैल त्यांच्या दावणीला होता.