पहिलं स्पॅनिश प्रजासत्ताक: दोष फक्त नेत्यांचा?

स्पेनच्या पहिल्या प्रजासत्ताकात अकरा महिन्यांत चार अध्यक्ष झाले, म्हणजे ती माणसंच नालायक होती, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही.

११ फेब्रुवारी १८७३ला प्रजासत्ताक जाहीर झालं, कारण राजा आमादेओ गादी सोडून मोकळा झाला होता. संसदेत ठराव २५८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झाला खरा, पण त्या २५८मधले कितीतरी जण मनाने राजेशाहीवालेच होते. त्यात उत्तरेत कार्लिस्टांचं (गादीवर हक्क सांगणाऱ्या दुसऱ्या राजघराण्याच्या शाखेच्या समर्थकांचं) बंड, क्यूबा या वसाहतीत १८६८पासून स्वातंत्र्ययुद्ध. जुलैत कार्ताखेनासारख्या शहरांनी संघराज्याच्या घटनेची वाट न पाहता स्वतःला स्वायत्त कँटन (स्वतःचा कारभार स्वतः पाहणारा प्रांत) म्हणून घोषित केलं. कार्ताखेनाने तर बंदरातल्या युद्धनौका ताब्यात घेतल्या आणि स्वतःची चांदीची नाणीसुद्धा पाडली!

तिसरा अध्यक्ष सालमेरोन याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. बंडं मोडायला त्यानेच सैन्य धाडलं, पण फाशीच्या शिक्षांवर सही करायची वेळ आली तेव्हा तत्त्वासाठी अध्यक्षपदावर पाणी सोडलं. आणि याच धामधुमीत, मार्च १८७३मध्ये, पोर्तो रिको या स्पॅनिश वसाहतीतली गुलामगिरी कायद्याने संपवली गेली. हे कसं विसरायचं?

शेवटचा घाव तर सैन्याचा. ३ जानेवारी १८७४च्या पहाटे चौथा अध्यक्ष कास्तेलार संसदेत विश्वासमत हरला होता आणि नव्या अध्यक्षासाठी मतदान चालू होतं. तेवढ्यात जनरल पाव्हियाचे सैनिक सभागृहात घुसले. पुढचं वर्ष जनरल सेर्रानोने प्रजासत्ताकाच्या नावाखाली हुकूमशाहीच चालवली. डिसेंबरअखेर सागुंतो शहरात आणखी एका जनरलने जुन्या राजघराण्यातल्या आल्फोन्सो बाराव्याला राजा घोषित केलं.